हडळ तीन राउंडमध्ये मेली. दोष नियमांचा की आमचा?

अर्धा_डीएम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

आम्ही पाच जण कोथरूडला शनिवारी रात्री डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो: प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, गोष्ट बोलून पुढे न्यायची, अडलं की फासे. पाचवी एडिशन, २०१४ची पुस्तकं. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) मीच, कारण पुस्तकं माझी, घर माझं आणि चहाही मीच करतो. आत्तापर्यंत नेहमीचं चाललं होतं: गुहा, गॉब्लिन, ड्रॅगनचं पिल्लू. या खेपेला म्हटलं, आपल्या मातीतली भुताची गोष्ट खेळवू. गुहागरजवळचं एक बंद घर, मागे विहीर, विहिरीला टेकून पिंपळ, आणि बाळंतपणात गेलेली त्या घरातली सून. तयारी जय्यत केली होती. ट्यूबलाइट बंद, टेबलावर समई, स्पीकरवर रातकिडे. आईला वाटलं पूजा आहे.

प्रत्यक्षात असं झालं. दार करकरत उघडलं आणि क्लेरिकने (देवाच्या मंत्रांचं पात्र) काठीच्या टोकाला लाइट लावला. फुकटची कँट्रिप, म्हणजे कितीही वेळा म्हणता येणारा छोटा मंत्र, तासभर टिकते, संपली की पुन्हा लावायची. उरलेल्यांपैकी दोघांना डार्कव्हिजन, अंधारातही दिसतं. म्हणजे माझा अंधार पहिल्याच मिनिटाला गेला. माजघरातल्या पाळण्याचं वर्णन मी जीव ओतून करत होतो, तर रोगने (Rogue, चोराचं पात्र) विचारलं, "पाळण्यात ट्रॅप आहे का?" शेवटी ती विहिरीतून वर आली. पॅलाडिनने (धर्मयोद्धा) स्माइट हा दैवी फटका हाणला, वर ती अनडेड (मेलेली पण वावरणारी) म्हणून एक डी-एट, आठ बाजूंचा फासा, जादा. तिसऱ्या राउंडला खेळ खलास. आणि मग पहिला प्रश्न, "हिचे एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) किती?"

कोणी मुद्दाम चेष्टा करत नव्हतं, सगळे मनापासून खेळत होते. म्हणून जास्त लागलं.

माझा एक मित्र म्हणतो की नियम फक्त फासे टाकायला असतात, वातावरण ही डीएमची जबाबदारी. असं खरंच असतं का? आणि दुसरा गेम घ्यायचा तर तो खेळताना कसा लागेल हे विकत घेण्याआधी ओळखायचं कसं? ही पुस्तकं काही स्वस्त नाहीत, आणि मलपृष्ठावर सगळेच "थरार" लिहितात.


बोरूबहाद्दर

मित्राशी सहमत. मी कॉलेजात असताना आम्ही फुलस्केपच्या वहीवर स्वतःच केलेल्या नियमांनी खेळायचो, लुडोचा एक फासा घेऊन, आणि लोक रात्री एकटे घरी जायला घाबरायचे. चांगला कीर्तनकार चिपळ्या कुठल्या कंपनीच्या आहेत ते बघत नाही. वर्णनावर मेहनत घ्या, हडळीला तिसऱ्या राउंडपर्यंत दाखवूच नका. नवीन पुस्तकावर पैसे घालू नका.


जमाखर्च

@अर्धा_डीएम, समई आणि रातकिडे दोन्ही झकास. तुमच्या वर्णनात मला काही खोट दिसत नाही, आणि तुमच्या मित्रमंडळींच्या खेळण्यातही नाही. त्यांनी त्यांच्या शीटवर जे लिहिलं होतं तेच केलं.

मी धंद्याने सीए, डोंबिवलीत ऑफिस आहे. एखादी फर्म नेमकं काय करते हे तिच्या माहितीपत्रकावरून कधी कळत नाही. पैसा कुठे जातो ते बघावं लागतं. तीच खोड मला गेमच्या पुस्तकांच्या बाबतीत लागली आहे. मलपृष्ठ मी वाचतच नाही. थेट कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे आकडे लिहायचा कागद, काढते आणि विचार करते, खेळताना या कागदावर खोडरबर कुठे फिरणार? ज्या चौकटीतला आकडा सारखा खोडून पुन्हा लिहावा लागतो, तिथे गेमचा जीव असतो. चार सेशननंतर कागद जिथे झिजून पातळ होतो ती जागा बघा, लेखकाने प्रस्तावनेत काहीही म्हटलेलं असो.

तुमच्या शीटवर तो फिरतो हिट पॉइंट्सवर (किती मार सोसेल) आणि स्पेल स्लॉट्सवर (किती मंत्र उरले). आठ तासांची लाँग रेस्ट झाली की दोन्ही पुन्हा भरलेले. रात्री हडळीने उभा फाडलेला माणूस सकाळी पोह्यांना ठणठणीत हजर. अंधाराला काही मोल नाही, ते तुम्ही पाहिलंतच. भुकेचंही तेच, कारण गुडबेरीची दहा बोरं आणि एका बोरावर माणसाचा दिवस निघतो. भीतीसाठी फ्रायटन्ड नावाची कंडिशन आहे, पण ती बहुतेक वेळा मिनिटभराची, आणि दर टर्नला सेव्ह (बचावाचा फासा) करून झटकता येते. हा गेम वाईट नाही हं. शूर, तरबेज माणसांनी संकटावर चालून जायचं आणि जिंकून यायचं, याच्यासाठी तो फार नीट बांधलाय. त्यात तुम्ही घाबरायला माणसं पाठवलीत.

आता गंमत बघा. हाच डी अँड डी, नाव तेच, फासे तेच, पण १९८१चा बेसिक संच घ्या, मोल्डवेने संपादित केलेला. त्यात मशाल सहा टर्न जळते आणि एक टर्न म्हणजे दहा मिनिटं. दर दोन टर्नला डीएम एक फासा टाकतो, एक आला की भटकता राक्षस येतो. दिवसभर पूर्ण आराम केला तर एक ते तीन हिट पॉइंट्स परत. जादूगाराला पहिल्या लेव्हलला मोजून एक मंत्र. लाइट हा तेव्हा पहिल्या पातळीचा खराखुरा मंत्र होता, म्हणजे उजेड घेतलात तर झोप पाडणारा स्लीप घेता येणार नाही. इथे खोडरबर मशालींवर फिरतो, आणि खेळाडू आपोआप कुजबुजायला लागतात.

त्याहून मोठा फरक एक्सपीचा, कारण तुमच्या मंडळींचा पहिला प्रश्न तोच होता. १९८१च्या नियमात बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक एक्सपी. गॉब्लिन मारला तर पाच. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात. म्हणजे नुसते गॉब्लिन मारून लेव्हल वाढवायची तर ४०० गॉब्लिन. कोण वेडा लढेल? लोक मागच्या दाराने शिरतात, गॉब्लिनांना लाच देतात, त्यांच्यात भांडणं लावतात आणि पेटी उचलून पळतात. तुमच्या २०१४च्या पुस्तकात गॉब्लिनचे ५० एक्सपी आणि दुसऱ्या लेव्हलला ३००. सहा गॉब्लिन. (वाटणी सोडून देऊ, हिशेब कळावा म्हणून सांगतेय.) पहिला खेळ चोरांचा झाला, दुसरा योद्ध्यांचा, आणि हे कुठल्याही पानावर तसं लिहिलेलं नाही. दोन आकडे बदलले, बस.

तुम्हाला भीती हवी असेल तर कॉल ऑफ क्थुलू बघा. तोही १९८१चाच, केऑसियम कंपनीचा, सँडी पीटरसनने केलेला. शीटवर हिट पॉइंट्स आहेत, पण दहा-बाराच्या आसपास, आणि ते जन्मभर जवळपास तेवढेच राहतात. पिस्तुलाची एक गोळी एक ते दहा नुकसान करते, त्यामुळे मारामारीची हौस पहिल्याच सेशनला फिटते. खोडरबर फिरतो सॅनिटीवर, म्हणजे पात्राचं डोकं किती ठिकाणावर आहे त्या आकड्यावर. अनपेक्षित प्रेत दिसलं, टाका फासे. चुकलात तर आकडा खाली.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा नियम थोडा सविस्तर सांगते. एका फटक्यात पाच किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा रोल करायचा. इथे लोक फसतात. यशस्वी झालात तर तुम्हाला वेड लागतं! कारण तुम्ही जे पाहिलं ते तुम्हाला कळलं. नापास झालात तर मेंदूने ते बाहेरच्या बाहेर परतवलं, वाचलात. टेबलावर सगळे जण पहिल्यांदाच देवाला विनवतात की आपला रोल चुकू दे. याच्या जोडीला आणखी एक चौकट आहे, क्थुलू मिथॉस. निषिद्ध पुस्तकं वाचली की हे ज्ञान वाढतं, आणि तुमची सॅनिटी जास्तीत जास्त ९९ वजा हे ज्ञान इतकीच राहू शकते. म्हणजे गूढ उकलायला वाचावं तर लागणार, आणि वाचलेलं प्रत्येक पान तुमचं छत खाली आणणार. "जास्त खोलात जाऊ नये" हे वाक्य पुस्तकात न लिहिता एका वजाबाकीत बसवलंय.

फासेच नकोत तर २००५चा ड्रेड आहे. टेबलावर जेंगाचा मनोरा. अवघड काही करायचं असेल तर एक ठोकळा काढा. मनोरा पडला की तुमचं पात्र गोष्टीतून गेलं. नियम संपले! बोरूबहाद्दर म्हणतात तसं पैसे घालायचे नसतील तर मनोरा निदान एखाद्या मित्राकडे सापडेल. मात्र हात थरथरणाऱ्या काकांना खेळवू नका, आमच्याकडे पहिल्या पंधरा मिनिटांत अख्खी फॅमिली संपली होती.

@बोरूबहाद्दर, कीर्तनकार चिपळ्यांचं नाव बघत नाही हे कबूल, पण चिपळ्यांऐवजी हातात ढोल दिला तर कीर्तन बदलेल की नाही? आणि तुमच्या फुलस्केप वहीतही नियम होतेच. मरण आलं की पात्र संपायचं की परत यायचं? ते ज्याने ठरवलं त्याने निम्मी भीती ठरवली.


बोरूबहाद्दर

संपायचं. आणि वहीतलं पान फाडून टाकायचो.


जमाखर्च

घ्या! पान फाडणं. याच्यापुढे समई काय करणार.


घाटावरचा_गॉब्लिन

आधी जातभाई म्हणून ४०० च्या हिशेबाचा निषेध.

+१ बाकी सगळ्याला. एकच भर. भीतीच्या बाहेरही हे तितकंच खरं आहे. ब्लेड्स इन द डार्क (जॉन हार्पर, २०१७) हा चोरांच्या टोळीचा गेम. आमच्या डी अँड डीच्या टेबलावर दरोड्याचं प्लॅनिंग तीन तास चालायचं आणि दरोडा पुढच्या शनिवारी. इथे सामान आधी लिहायचंच नाही. हलकं, मध्यम की जड ओझं एवढं सांगायचं, आणि दोरी लागली की म्हणायचं "आणलीय" आणि खूण करायची. पहारेकरी आडवा आला तर फ्लॅशबॅक मागायचा, "याला मी काल संध्याकाळीच पैसे चारले होते." त्याची किंमत स्ट्रेसमध्ये, म्हणजे शीटवरच्या ताणाच्या खुणांत. क्षुल्लक असेल तर शून्य, जरा ताणलेलं असेल तर एक, अगदीच अशक्य वाटेल असं असेल तर दोन किंवा जास्त. दरोड्याच्या सिनेमात प्रेक्षकाला योजना नंतर कळते ना, अगदी तसंच होतं, कारण खेळाडूंनाही ती नंतरच सुचलेली असते.


निळा_फासा

जमाखर्च, प्रतिसाद आवडला, पण खोडरबरवाला सिद्धांत तुम्ही फार ताणताय असं मला वाटतं. दोन हरकती.

एक. डी अँड डीत भीती बसत नाही हे इतिहासाला धरून नाही. रेव्हनलॉफ्ट हे डी अँड डीचं तयार साहस १९८३चं, ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं. किल्ला, पिशाच, धुकं, सगळं त्यात आहे आणि लोक ते चार दशकं खेळतायत.

दोन, आणि ही माझ्या दृष्टीने मोठी. काही गेमचा जीव शीटवर नसलेल्या गोष्टीत असतो. व्हिन्सेंट बेकरचा डॉग्ज इन द व्हिनियार्ड (२००४) घ्या. धर्माचे तरुण पहारेकरी बंदूक घेऊन गावोगाव फिरतात आणि पाप कोणाचं ते ठरवतात. अख्खा गेम श्रद्धेबद्दल, आणि शीटवर श्रद्धेचा आकडाच नाही. भांडणाचे नियम मात्र आहेत. नुसत्या बोलण्यात हरायला लागलात तर हातघाईवर या, जादा फासे मिळतील. तिथेही हरताय? बंदूक काढा, आणखी फासे. बोलण्याने झालेली इजा डी-फोरने मोजतात, बंदुकीची डी-टेनने. म्हणजे नियम तुम्हाला दर वेळी विचारतात, "एवढ्यासाठी गोळी घालणार का?" उत्तर कुठेही लिहिलेलं नाही. ते तुमचं तुम्ही द्यायचं. बेकरने स्वतः या मोकळ्या ठेवलेल्या जागेबद्दल लिहिलंय, की भोवती नियम हवेत आणि मध्यभागी पोकळी हवी. श्रद्धेचा आकडा ठेवला असता तर लोकांनी तो वाढवायच्या युक्त्या काढल्या असत्या.

जुन्या डी अँड डीतही तेच. गुप्त झडप शोधायला आम्ही काठीने फरशी ठोकत जायचो, भिंतीवर पाणी ओतून ते कुठे मुरतंय ते बघायचो. पर्सेप्शन नावाचं स्किल आलं आणि ती सगळी बडबड "मी रोल करतो" या तीन शब्दांत आटोपली. आकडा आला आणि खेळ गेला. अर्धा_डीएमच्या पाळण्याचं तेच झालं. रोगला इन्व्हेस्टिगेशनचं स्किल आहे, म्हणून त्याने पाळण्याकडे ट्रॅप म्हणून बघितलं.


जमाखर्च

दुसरी हरकत मान्य, आणि छान मांडलीत. पाळण्याचं तर अगदी पटलं. फक्त एक बघा, ती पोकळी दिसते ती भोवतीच्या डी-फोर आणि डी-टेनमुळे. बोलणं आणि गोळी यांची किंमत सारखी ठेवली असती तर प्रश्नच पडला नसता.

पहिली मात्र माझ्याच बाजूने साक्ष देते हो. १९८३ साली रेव्हनलॉफ्टच्या त्या पिशाचाचा हात लागला की काय व्हायचं? दोन लेव्हल जायच्या. वाइट (wight) नावाच्या कबरीतल्या भुताने शिवलं तर एक. महिनोन्महिने खेळून कमावलेली लेव्हल, एका टोल्याला खोडायची! शीटवरचा जो एकच आकडा कधी खाली जात नाही असं सगळ्यांनी धरलेलं असतं, नेमका तोच. सातव्या लेव्हलचा फायटर, प्लेट आर्मर घातलेला, कबरीतून आलेला पांढरा हात बघून पळत सुटायचा, आणि त्याला पळ म्हणून कोणी सांगावं लागत नव्हतं. पाचव्या एडिशनने हे काढून टाकलं. आता कमाल हिट पॉइंट्स घटतात, तेही लाँग रेस्टपर्यंत. आमच्या अर्धा_डीएमची हडळ याच सुधारणेला बळी पडली.

अर्धा_डीएम, गेम बदलायचा नसेल तर तुमच्याच डंजन मास्टर्स गाइडमध्ये ग्रिटी रिअॅलिझम नावाचा पर्याय आहे. शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. एवढं जरी केलंत तरी क्लेरिक प्रत्येक स्लॉट जपून वापरेल. पण लाइट कँट्रिप, डार्कव्हिजन, स्माइट एकेक करून काढत बसलात तर खेळाडूंना आपल्याला लुटलं जातंय असं वाटेल, आणि त्यांचं खरं असेल.


अर्धा_डीएम

सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. आमचा पॅलाडिन हा धागा वाचतोय आणि "मग मी काय करू, स्माइट मारू नको?" म्हणून व्हॉट्सअॅपवर भांडतोय.

क्थुलूकडे कल झुकतोय. पण त्यातलं सगळं अमेरिकेतलं आहे ना, १९२०चं दशक वगैरे? मला गुहागर सोडायचं नाहीये. आणि पाण्यातल्या शेपट्यावाल्या देवांपेक्षा मला हडळ, मुंजा, देवचार हेच हवेत.


जमाखर्च

१९२०चं दशक गुहागरलाही होतंच की. मुंबईहून बोटीने दाभोळला उतरायचं, खाडी ओलांडून पुढे बैलगाडी, आणि चाकरमान्याला गावात कोणी खरं सांगत नाही. याहून चांगली सुरुवात कुठली?

केऑसियमच्या साइटवर क्विक-स्टार्ट फुकट मिळतं, नियम आणि द हाँटिंग नावाची गोष्ट एकत्र. घरमालक तुम्हाला बोलावतो, घरात काही तरी आहे, बघून या म्हणतो. त्या गोष्टीची बांधणी नीट बघा. घरात शिरायच्या आधी वर्तमानपत्राचं ऑफिस, लायब्ररी, जुनी दप्तरं. शीटवर पिस्तूल २० टक्क्यांपासून सुरू होतं, लायब्ररी यूजही २० पासूनच. ज्या गेममध्ये ग्रंथालयात बसणं आणि गोळी झाडणं एकाच मापाने मोजलंय, तिथे लोक आपोआप आधी वाचायला जातात. तुम्ही बॉस्टनच्या जागी मामलेदार कचेरी आणि जमिनीचे उतारे घाला. मोडीतली दप्तरं असतील तर मोडी वाचणं हे वेगळं स्किल ठेवा, आणि ते एकाच खेळाडूला द्या. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतील.

पॅलाडिनला सांगा, बंदूक घेऊन ये. एकदाच वापरेल.


सावंतवाडीकर

उशिरा आलो. वर कोणी तरी देवचाराचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

तुम्ही इतके नियम बाहेरून आणताय, पण कोकणात विचारणा करायची स्वतःची रीत आहे, तिचा उपयोग का नाही करत? आमच्याकडे देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाला ओले तांदूळ नाही तर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो आणि मग सगळे थांबतात. साधारणपणे उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, गावागणिक थोडं इकडेतिकडे. कधी लगेच पडते, कधी पडतच नाही. लहानपणी मी आजीबरोबर जायचो तेव्हा उत्तरापेक्षा ते थांबणं लक्षात राहायचं. कोणी खोकतसुद्धा नाही.

टेबलावर ते असं करता येईल. गावातल्या देवळात एका सेशनला एकच प्रश्न, आणि तोही हो-नाहीचा. स्टीलच्या तांब्याला दोन पाकळ्या पाण्याने चिकटवा. पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही, पण गोष्टीतली वेळ चालू, तिकडे घरात जे व्हायचं ते होतंय. खऱ्या देवाचं, खऱ्या गावाचं नाव मात्र घालू नका. कौल हा आमच्याकडे आजही जमिनीच्या वाटणीपासून लग्नापर्यंत विचारतात, कोणी तरी दुखावेल.

दुसरं, गाऱ्हाणं. एक जण "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो, काय झालं, काय चुकलं, काय मागणं आहे ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. याचा नियम करा. सगळ्या खेळाडूंनी "व्हय" म्हटलं तरच गाऱ्हाणं पोचलं. एक जरी गप्प राहिला तरी नाही. आता ज्याच्या पात्राने त्या सुनेबद्दल काही लपवून ठेवलंय, तो "आमच्याकडून काही लपवलेलं नाही" या वाक्याला व्हय म्हणेल का, ते बघा.

तिसरं नवस. हडळीपासून सुटायला खेळाडू नवस बोलू शकतो, लगेच फायदा मिळतो, सॅनिटी वाचते. नवस शीटवर लिहायचा. फेडला नाही तर पुढे तोच आडवा येणार.


जमाखर्च

सावंतवाडीकर, साष्टांग दंडवत. नवस पेनाने लिहायला लावा, पेन्सिलीने नको.

"व्हय म्हाराजा"चा नियम तर निळा_फासा यांच्या पोकळीसारखाच आहे. अपराधीपणाचा आकडा कुठेच नाही, पण एक गप्प राहिलेला माणूस सगळ्यांना दिसतो.


निळा_फासा

हेच लिहायला आलो होतो. पात्र बनवताना प्रत्येकाला गुपचूप एक प्रश्न द्या, ड्रेडमध्ये प्रश्नावलीवरूनच पात्र तयार होतं तसं. "त्या घरातून तू काय उचललंस आणि कोणाला सांगितलं नाहीस?" चौघांना चार वेगळे. एकाचं उत्तर खरंच "काहीच नाही" असू दे.


अर्धा_डीएम

क्विक-स्टार्ट उतरवून घेतलं. द हाँटिंग वाचून झाली, उद्यापासून तिला गुहागरात हलवतो. पॅलाडिन आता निवृत्त फौजदार होणार आहे आणि त्याला मिशांचं स्किल हवंय.

शेवटची शंका. नव्या खेळाडूंना सॅनिटी किती द्यावी? नियमात पॉवरच्या (मनोबल) आकड्याइतकी म्हटलंय, आणि दोघांचे फासे बरे पडून पंचाहत्तर आली आहे. हडळ दिसली तर एक ते आठ जाणार. तीन सेशनमध्ये यांना काहीच व्हायचं नाही.


जमाखर्च

पंचाहत्तर राहू द्या, कापू नका. हडळीवर भिस्त ठेवू नका, ती शेवटी. आधी पाळणा हलताना दिसला, शून्य किंवा एक (सॅनिटीचा रोल जमला तर पहिला आकडा, चुकला तर दुसरा). विहिरीत बांगड्या, शून्य किंवा एक-दोन. फौजदाराला दप्तरात स्वतःच्या वडिलांची सही सापडली, एक किंवा एक-चार. हडळीला एक-आठऐवजी एक-दहा करा, म्हणजे रोल चुकला तर पाच किंवा जास्त जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, आणि मग तो बुद्धीचा रोल. फौजदाराची बुद्धी किती आहे?


अर्धा_डीएम

ऐंशी.


घाटावरचा_गॉब्लिन

गेला बिचारा.